‘सुफळ संपूर्ण’ होण्याची घाई

गेल्या चातुर्मासात एका सायंकाळी आरती आटोपल्यावर देवळाच्या अग्रशाळेत काही मंडळी पावसाची सर ओसरण्याची वाट पाहत बसली होती. आमच्याच आप्तांपैकी, कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकणारी एक मुलगी आपल्या आजीला एका प्रचंड इंग्रजी कादंबरीची कथा सांगत होती. अंगठीचा शाप, अंधाराचा अधिपती, भंगलेली आणि पुन्हा जोडलेली तलवार, राज्यावाचून भटकणारा राजा, हे सारे ती म्हातारी पुराण ऐकावे तितक्याच तन्मयतेने ऐकत होती. अखेरीस शत्रूचा निःपात झाला, राज्याभिषेक झाला आणि पाठोपाठ तीन जोडपीही जमली. आजी क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘लग्नां जालीं तें समजलें गो, पूण मोग केन्ना जालो?’

मुलीपाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्या वेळी ते आमच्यापाशीही नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा उशिरा केलेला विचार होय.

अद्भुतरम्य कादंबरीच्या शेवटी घाईघाईने जुळवलेल्या जोड्या हा आज जगभरच्या वाचकांच्या तक्रारीचा विषय झाला आहे. या तक्रारीचे स्वरूप आधी नीट समजून घेतले पाहिजे. शेवटी विवाह होऊ नये, असे कोणीच म्हणत नाही. आपल्या कहाण्या ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ होतात, आणि ते सुफळ बहुधा नांदत्या घराच्या रूपानेच आपल्यापुढे येते. तक्रार आहे ती फळ दिसते पण झाड दिसत नाही, याची. भरतमुनींनी नाट्याचे पाच संधी सांगितले. मुखसंधीत जे बीज पेरले जाते, तेच प्रतिमुख, गर्भ आणि विमर्श यांतून वाढत जाऊन निर्वहणात फळाला येते. याच निर्वहणात अद्भुत रस असावा, असेही त्यांचे सांगणे आहे. म्हणजे शेवटी प्रेक्षकाने चकित व्हावे, हे शास्त्राला मान्यच आहे. परंतु पेरलेल्या बीजाला असे फळ आले म्हणून होणारा विस्मय वेगळा, आणि न पेरलेलेच कापणीला आले म्हणून होणारा गोंधळ वेगळा. घाईची जोडी आपणांस या दुसऱ्या अवस्थेत नेऊन सोडते.

ज्या कादंबरीची कथा त्या सायंकाळी चालली होती ती म्हणजे जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. तिचे तीन खंड १९५४ व १९५५ या दोन वर्षांत प्रसिद्ध झाले आणि या वाङ्मयप्रकाराला आजचे रूप बव्हंशी तिनेच दिले. तेव्हा दोषाची चर्चाही या श्रेष्ठ कृतीपासूनच करावी, हे न्याय्य होय. सामान्य लेखकाचे उणे दाखवून कोणाचेच ज्ञान वाढत नाही.

पहिली जोडी ॲरागॉर्न आणि आर्वेन यांची. ॲरागॉर्न हा कथेतील वनवासी राजा. आर्वेन ही अमर अशा एल्फ कुळातील राजकन्या. मर्त्य मानवाशी विवाह करण्यासाठी ती आपले अमरत्व सोडून देते. याहून उदात्त प्रेमकथा ती कोणती? परंतु मुख्य कथानकात ही राजकन्या पहिल्या खंडातील एका मेजवानीत दिसते, ती जवळजवळ अबोल. पुढे तिने स्वहस्ते विणलेला ध्वज येतो, आणि तिसऱ्या खंडाच्या अखेरीस ती स्वतः येते ती विवाहासाठीच. त्यांची भेट, प्रतीक्षा, पित्याने घातलेली अट आणि अखेरचा वियोग हे सारे टोल्किन यांनी लिहिले आहे खरे, परंतु ते परिशिष्टात. त्यांच्या पुत्राने पुढे प्रसिद्ध केलेल्या हस्तलिखितांवरून याचे कारण कळते. प्रारंभीच्या आराखड्यात राजाचा विवाह एओविन या दुसऱ्याच स्त्रीशी व्हावयाचा होता. आर्वेन ही लेखकाला फार उशिरा सुचली. तोवर कथेचा मोठा भाग लिहून झालेला होता. बीज मुखसंधीत पडले नव्हते. ते मागाहून जागा शोधून खोचावे लागले.

दुसरी जोडी सॅम आणि रोझी यांची. सॅम हा नायकाचा एकनिष्ठ सेवक व सखा. १९५१ साली एका प्रकाशकाला लिहिलेल्या दीर्घ पत्रात टोल्किन यांनी म्हटले आहे की, या साध्या ग्रामीण प्रेमाचे चित्रण सॅमचे व्यक्तित्व समजण्यासाठी अत्यावश्यक आहे. लेखकाला जे इतके आवश्यक वाटते, त्याला ग्रंथात स्थान किती? रोझीचे नाव वाचकाच्या कानी प्रथम पडते ते तिसऱ्या खंडात, सॅम शत्रूच्या जळक्या भूमीत, मृत्यूच्या दारात पोचल्यावर. तेथे त्याला गावचे तळे आठवते आणि त्या पाण्याशी खेळणारी रोझी व तिची भावंडे आठवतात. तो प्रसंग हृद्य आहे, यात शंका नाही. उजाड पर्वताच्या पायथ्याशी पाण्याची आठवण यावी आणि त्या पाण्याबरोबर एका मुलीचे नाव यावे, यातील औचित्य क्षेमेंद्रालाही मान्य झाले असते. पण तेथे रोझी म्हणजे घर, गाव, पाणी आणि परतीची आशा; रोझी नावाची कोणी व्यक्ती नव्हे. सॅम परत येतो, तिच्याशी विवाह करतो, आणि तिच्या मनात या दीर्घ काळात काय चालले होते हे सांगायला लेखकापाशी मोजकीच वाक्ये उरलेली असतात.

तिसरी जोडी सर्वांत वादग्रस्त, म्हणूनच सर्वांत विचारणीय. एओविन ही घोडेस्वारांच्या राजकुळातील कन्या. घरच्या वृद्ध राजाची शुश्रूषा करण्यात तिचे तारुण्य चालले आहे. पुरुष रणांगणावर जातात आणि तिने मात्र मागे राहावे, याची तिला चीड आहे. ती ॲरागॉर्नवर अनुरक्त होते; तो तिला नाकारतो. तेव्हा ती पुरुषवेष धारण करून युद्धास जाते, आणि कोणा पुरुषाच्या हातून ज्याचा अंत होणार नाही अशी वदंता होती, त्या शत्रूसेनापतीचा वध करते. जखमी होऊन ती शुश्रूषागृहात पडते. तेथे फारामिर हा दुसरा जखमी वीर तिला भेटतो. ओळख झाल्यापासून शत्रूचा नाश होईपर्यंत एक आठवडाही जात नाही, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती त्याला संमती देते. इतकेच नव्हे, तर आपण यापुढे रणरागिणी राहणार नाही, रोग्यांना बरे करण्याच्या कामी लागू, असेही ती त्याच प्रसंगी सांगून टाकते.

या वेगाबद्दल टोल्किन यांना त्यांच्या हयातीतच वाचकांनी विचारले होते. एका पत्राच्या मसुद्यात त्यांनी उत्तर दिले ते असे की, महासंकटाच्या काळात, आणि विशेषतः मृत्यू समोर दिसत असता, माणसांच्या भावना व निर्णय फार लवकर परिपक्व होतात, असा स्वतःचा अनुभव आहे. हा अनुभव कोणता, हे त्यांच्या चरित्रावरून कळते. पोरक्या टोल्किनची एडिथशी ओळख १९०८ साली झाली. पालकाने एकविसावे वर्ष पुरे होईपर्यंत तिच्याशी संबंध ठेवण्यास मनाई केली, आणि त्यांनी ती पाळली. १९१३ च्या जानेवारीत एकविसावा वाढदिवस येताच त्यांनी तिला पत्र लिहिले. तिचा विवाह अन्यत्र ठरलेला होता. ते तिच्या गावी जाऊन तिला भेटले आणि त्याच दिवशी तिने आधीचा संबंध मोडून त्यांना होकार दिला. १९१६ च्या मार्चमध्ये विवाह झाला, आणि जूनमध्ये ते फ्रान्समधील रणभूमीकडे निघाले.

लेखकाचे उत्तर असे खरे आहे, तरी ते पुरे पडत नाही. एडिथने एका दिवसात होकार दिला हे खरे. परंतु त्या एका दिवसामागे अनेक वर्षांची ओळख आणि मुकाट्याने सोसलेली प्रतीक्षा उभी होती. फारामिर व एओविन यांच्यामागे तसे काहीच नाही. जीवनात जे घडते ते सारे काव्यात जसेच्या तसे पटत नाही. काव्यात ते पटवावे लागते.

तथापि न्यायाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आमच्या मते ही जोडी मुळात चुकलेली नाही. एओविनला ॲरागॉर्न हवा होता, तो त्याच्या ठायी तिला कीर्ती आणि मुक्ती दिसली म्हणून. तो न मिळाल्यावर तिला हवा होता तो मृत्यू. फारामिर हे ओळखतो. तो स्वतः शूर असूनही तलवारीवर तलवार म्हणून प्रेम न करणारा पुरुष आहे, हे दुसऱ्या खंडातच आपणांस कळलेले असते. मृत्यूची आस धरलेल्या स्त्रीला जीवनाकडे वळवू शकेल असा या ग्रंथात कोणी असेल तर तो हाच. म्हणजे बीज आहे. उणीव आहे ती मधल्या संधींची. तिने तलवार का ठेवली, ती ठेवताना तिच्या मनाला काय वाटले, जिच्या पराक्रमाने युद्धाचे पारडे फिरले त्या पराक्रमाचे पुढे काय झाले, हे प्रश्न एका संवादात गुंडाळले गेले. वाचकाला, विशेषतः स्त्रीवाचकाला, जे टोचते ते हेच. आठवड्याभरात प्रेम जडले म्हणून ती रुष्ट होत नाही. एका आयुष्याची कमाई चार वाक्यांत मोडीत निघाली म्हणून ती रुष्ट होते.

घाई म्हणजे केवळ दिवसांचा हिशेब नव्हे, हे दुसऱ्या एका सुप्रसिद्ध उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. श्रीमती जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटरची सात पुस्तकांची माला १९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झाली. तिचा मराठी अनुवादही आपल्या मुलांनी वाचला आहे. येथे वेळेची वाण नाही. रॉन आणि हर्मायनी वर्षानुवर्षे एकत्र शिकतात, भांडतात, अबोला धरतात, पुन्हा एकत्र येतात. असे असूनही अखेरचा उपसंहार वाचून पुष्कळांना रुखरुख लागली. सातव्या पुस्तकाच्या शेवटी कथा एकदम एकोणीस वर्षे पुढे उडी घेते आणि रेल्वेच्या फलाटावर आपल्या मुलांना निरोप देणारी जोडपी दाखवते. युद्धात आप्त गमावलेली ही मुले मोठी कशी झाली, कोणी कोणाला कसे सावरले, हे त्या एकोणीस वर्षांच्या पोटात गडप झाले. मालेचा शेवट लेखिकेने फार आधी, प्रारंभीच्याच काळात, लिहून ठेवला होता. मधल्या वर्षांत पात्रे वाढली. परंतु शेवट मात्र ठरल्या जागी त्यांची वाट पाहत थांबला होता. २०१४ साली एका मुलाखतीत श्रीमती रोलिंग यांनी स्वतःच कबूल केले की, रॉन आणि हर्मायनी यांची जोडी त्यांनी कथेच्या ओघापेक्षा आपल्या मनातील जुन्या इच्छेच्या पूर्तीसाठी अधिक जुळवली होती. ही कबुली प्रामाणिक आहे. टोल्किन यांनी बीज उशिरा पेरले. श्रीमती रोलिंग यांनी फळ आधीच तोडून ठेवले. दोष परस्परविरुद्ध, पण परिणाम एकच.

याउलट टोल्किन यांचे स्नेही सी. एस. लुइस यांनी १९५४ च्याच ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ या बालकादंबरीत नायक-नायिकेचा विवाह शेवटी केवळ एका विनोदात उरकला आहे: भांडणे व समेट यांची सवय इतकी जडली की सोय म्हणून त्यांनी लग्नच केले, असा त्याचा आशय. येथे कोणी वाचक तक्रार करीत नाही. कारण ती भांडणे आपण पुस्तकभर ऐकलेली असतात.

मग थोर लेखकांच्याही हातून असे का घडते? आमच्या मते याचे कारण या प्रकारच्या कथेच्या घडणीतच आहे. अद्भुतकथेचा मुख्य प्रश्न प्रेमाचा नसतो. तो राज्याचा, धर्माधर्माचा, जगाच्या अस्तित्वाचा असतो. तो सुटला की मोडलेली घडी पुन्हा बसली, याची खूण लेखकाला हवी असते. आणि विवाहाहून सोपी खूण दुसरी नाही. सिंहासनावर राजा बसला की त्याच्या डाव्या बाजूस राणी हवी. आपल्या लोककथांतही राक्षस मारणाऱ्यास अर्धे राज्य आणि राजकन्या मिळते. तेथे राजकन्येचे मन कोणी विचारत नाही, कारण लोककथेतील राजकन्या ही राज्यासारखीच एक प्राप्ती असते. परंतु कादंबरी हा व्यक्तींचा प्रांत आहे. ज्या स्त्रीला लेखकाने हजार पृष्ठे व्यक्ती म्हणून वागवले, तिला शेवटच्या पृष्ठावर बक्षीस करून टाकणे हा तिच्यावर आणि वाचकावर, दोघांवरही अन्याय होय.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. विराटपर्वाच्या शेवटी नेमकी हीच स्थिती येते. अज्ञातवास संपला, गायी सोडवल्या गेल्या, पांडव प्रकट झाले. हर्षभरित विराट आपली कन्या उत्तरा अर्जुनाला देऊ करतो. कोणताही कथाकार येथे चौघडे वाजवून मोकळा झाला असता. व्यासांचा अर्जुन मात्र नाही म्हणतो, आणि कारणही देतो. वर्षभर आपण हिला नृत्यगीत शिकवले, हिने आपल्यावर पित्यासारखा विश्वास टाकला. तेव्हा हिला सून म्हणून स्वीकारू, पत्नी म्हणून नव्हे. अशा रीतीने ती अभिमन्यूला दिली जाते. विजयानंतर मिळणाऱ्या कन्येचा प्रघात व्यासांना ठाऊक आहे, आणि त्या प्रघाताला प्रश्न विचारण्याचे धैर्यही त्यांच्यापाशी आहे.

उत्तरा-अभिमन्यूचा विवाहही घाईचाच होता आणि त्यात उत्तरेचे मत कोणी घेतले नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण व्यास तिला विवाहमंडपात सोडून पुढे जात नाहीत. स्त्रीपर्वात पतीच्या शवापाशी बसलेल्या उत्तरेचा विलाप आपण गांधारीच्या मुखाने ऐकतो. त्यात ती म्हणते की, सहवास लाभला तो अवघा सहा महिन्यांचा. सातव्यात तुम्ही गेलात. ज्या विवाहाला दिवस कमी मिळाले, त्याचे दिवस कवीने तिलाच मोजायला लावले आहेत. महाकवीचे लक्ष असे असते.

आपल्या ग्रंथांत हे उणे कोठेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जनकाच्या मंडपात रामाबरोबर तिघा भावांचीही लग्ने लागली. पण लक्ष्मण वनात गेल्यावर उर्मिलेचे काय झाले, याविषयी वाल्मीकी मौन पाळतात. रवींद्रनाथांनी ‘काव्येर उपेक्षिता’ या निबंधात ही उपेक्षा बोलून दाखवली, आणि मैथिलीशरण गुप्त यांनी ‘साकेत’ (१९३१) या काव्यात तिला वाचा दिली. म्हणजे न सांगितलेले राहिले, तर शतकांनंतरही कोणी तरी ते मागायला येते.

कालिदासाने घाई टाळली नाही. त्याने ती कथेच्या आरंभी आणली आणि तिची किंमत मोजायला लावली. शकुंतलेचा गांधर्वविवाह किती थोड्या काळात होतो! परंतु चौथ्या अंकात शाप आहे, पाचव्यात भर दरबारातील प्रत्याख्यान आहे, आणि अज्ञात हृदयांनी एकांतात जोडलेले नाते पारखून घ्यावयास हवे होते, असे शार्ङ्गरव तेथे स्पष्ट सुनावतो. सातव्या अंकातील पुनर्मीलन पटते, ते मधल्या अंकांनी पहिल्या घाईचे ऋण फेडले म्हणून. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये हेच नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’ दिले. ‘सौभद्रा’चा शेवट विवाहाचाच, परंतु सुभद्रा कोणाची होणार हाच प्रश्न तेथे पहिल्या अंकापासून उभा असतो. आपल्या देवळांच्या उत्सवांत हे नाटक पिढ्यान् पिढ्या पाहूनही कोणा आजीने ‘मोग केन्ना जालो’ असे विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

अद्भुतकथेलाही असा धीर धरता येतो, याचे एक उदाहरण देऊन हा विचार पुरा करतो. श्रीमती अर्सुला ल ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालेतील ‘द टूम्ब्स ऑफ अतुआन’ (१९७१) या कादंबरीत गेड हा मांत्रिक आणि तेनार ही तरुण पुजारीण एकमेकांच्या आधाराने अंधाऱ्या भुयारातून बाहेर पडतात. जोडी जुळवावयाची झाली तर याहून सुलभ जागा नाही. लेखिकेने ती जुळवली नाही. आश्रयाचे एक शांत घर तेवढे तेनारच्या पुढे ठेवले. पुढे १९९० साली ‘तेहानू’ आली. तीत तेनार ही शेतकऱ्याची विधवा, दोन मोठ्या मुलांची आई; आणि गेड आपली सारी मंत्रशक्ती गमावून, खचून परत आलेला. आता ते एकत्र येतात. त्यात ना राज्याभिषेक, ना चौघडे. आहे ती घरातली कामे, लाज, भीती आणि हळूहळू येणारा विश्वास. दोन पुस्तकांमधील जवळजवळ वीस वर्षांचे अंतर येथे रिकामे राहिलेले नाही. ती वर्षे दोघांच्याही शरीरावर आणि स्वभावावर उमटलेली दिसतात.

आज मराठीत आणि कोकणीतही नवे तरुण लेखक अशा अद्भुतकथा लिहू लागले आहेत. त्यांना आम्ही एवढेच सुचवू की, शेवटी जोडी जुळवायची असेल तर तिची पहिली वीट पहिल्या प्रकरणात ठेवावी. ते न जमल्यास शेवटी ती दोघे मित्र राहिली तरी कथा अपुरी राहत नाही. आणि लिहून झाल्यावर घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला ती वाचून दाखवावी. पावसाची सर ओसरल्यावर त्या सायंकाळी आजी छत्री उघडून घरी निघाली, तेव्हाही ती नातीला विचारत होती, त्या तलवार धरणाऱ्या मुलीचे पुढे काय झाले म्हणून. तिचा नवरा कोण झाला, हे तिला आता ठाऊक होते. तिला विचारायचे होते ते दुसरेच.